अठ्ठावीस ठिपके

लंकाबाई सानपांनी तो भुंगेरा
बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात घालून आणला होता.
काउंटरवर युरियाची गर्दी.
चष्मा कपाळावरच ठेवून मी म्हटलं,
'लाल, गोल, वर ठिपके? मावशी, हा मित्रकीटक.
मावा खातो. राहू द्या.'
पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला
हेच वाक्य लिहून मी पाच मार्क घेतले होते.

राहू द्या.
दोन शब्द. बिलात येत नाहीत,
त्यांच्यावर मुदत छापलेली नसते.

नवव्या दिवशी त्या परत आल्या,
पुडा तोच, आत बटाट्याचं पान.
उजेडाकडे धरलं
तर पानातून मला समोरचा सिन्नरचा स्टँड दिसला,
एसटीच्या पाटीसकट.
त्या ओरडल्या नाहीत.
'वाचा,' म्हणाल्या, 'तुम्ही शिकलेले.'

रविवारी पहिल्या गाडीनं ठाणगाव.
पट्ट्याच्या डोंगरावरून ढग अजून उठला नव्हता.
सरीत शिरलो आणि विजार गुडघ्यापर्यंत भिजली.
सकाळच्या गारव्यात ही जात सुस्त असते;
बोट लागलं की टपकन पडते,
मेल्याचं सोंग घेते,
कातडीवर पिवळा उग्र थेंब सोडते.
एक तळहातावर घेतला. चष्मा डोळ्यांवर. मोजले.
अठ्ठावीस.
माझ्या पाच मार्कांवाल्याला सात होते,
आणि त्याची पाठ चकाकायची.
याची मळकी,
चिंच न लागलेल्या तांब्याच्या घंगाळासारखी.
कूळ एकच दोघांचं. चूल वेगळी.

'वरून काय बघता? पान पालथं करा.'
पालथं केलं.
पिवळ्या अळ्या, अंगभर काटे,
काट्याला पुन्हा फांद्या, फांद्यांची टोकं काळी.
माना खाली घालून हिरवं तेवढं खरवडत होत्या,
शिरा मात्र काढून ठेवत,
भाजीतल्या मिरच्या ताटाच्या कडेला ठेवाव्यात तशा.
शेजारच्या पानाखाली अंडी, उभी,
प्रार्थनेला रांगेत राहिलेला पहिलीचा वर्ग.
'यांच्याकडं बघून वाईट वाटतं,' लंकाबाई म्हणाल्या
आणि पान चुरगाळून बादलीत टाकलं.

बादली डिस्टेंपरची, पाणी साबणाचं.
टप. टप टप. टप.
सून, मी, त्या, तीन सऱ्या, एक आवाज.
बांधावर रात्रभर भिजलेली निंबोळी
जुन्या लुगड्यातून गाळायची राहिली होती,
तिचा कडू वास चहातही उतरला.
तीन दिवसांनी पुन्हा यायचं पानांखाली, मी म्हटलं,
एका खेपेत संपत नाही हे.
'आम्हाला कधी काय एका खेपेत संपलंय?' सून म्हणाली.

मग मधल्या सरीत काही वेगळ्या निघाल्या:
तपकिरी, फुगलेल्या, पानाला चिकटून हलेनात.
लंकाबाईंचा हात बादलीकडे निघाला.
'थांबा,' मी म्हटलं, 'या...'
आणि तेच दोन शब्द जिभेवर आले.
सरी गप्प.
सुनेनं तोंडाला पदर लावला.

मी सगळं सांगितलं.
एक बारीक गांधीलमाशी अळीच्या पोटात अंडी घालते,
तिची पिल्लं आतूनच अळी खातात,
हे जे उरलंय ते फक्त घर आहे,
आत भाडेकरू दुसरे.
त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं,
'ठिपके मोजले का?'
'हिला ठिपके नसतात, मावशी.'
'मग कशावरून?'

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.
त्यांनीच लोणच्याची बरणी धुऊन कोरडी केली,
अकरा पानं आत, तोंडाला मलमलीचं फडकं, वर दोरा,
आणि बरणी फळीवर ठेवली, मिठाच्या डब्याशेजारी,
येताजाता नजर पडेल अशी.
गाडीत बसेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

शनिवारी दुपारी फोन.
हॅलो नाही, काही नाही.
'तिळाहून बारीक. काळ्या.
भिंगानं बघावं तर उडतात.
फडकं सोडू?'

फोनवर बोलायला चष्मा लागत नाही.
मी तो लावला.